ओसिमर्टिनिब: बिघडलेला रिसेप्टर हेरणाऱ्या गोळीचे परीक्षण

ईजीएफआर या रिसेप्टरमधील, म्हणजे वाढीचा संदेश पेशीच्या पृष्ठभागावर झेलणाऱ्या प्रथिनातील, म्युटेशनमुळे (जनुकीय बदलामुळे) होणाऱ्या फुप्फुसाच्या कर्करोगावर ओसिमर्टिनिब ही गोळी २०१५ पासून वापरात आहे. टॅग्रिसो या नावाने ती अनेकांना माहीत असते आणि तिच्याविषयी बोलताना बहुतेक वेळा ‘आधीच्या गोळ्यांपेक्षा जास्त प्रभावी’ एवढेच म्हटले जाते. हे वर्णन मला अपुरे वाटते. गाठ किती रुग्णांत आकसते एवढाच निकष लावला, तर ही गोळी तिच्या पूर्वसुरींच्या फारशी पुढे नाही. तिचे वेगळेपण कळते ते ती कोणत्या रिसेप्टरला धरते आणि कोणत्याला सोडून देते हे पाहिल्यावर, आणि ते पाहायचे तर रिसेप्टरचे काम समजून घेतल्याशिवाय गत्यंतर नाही. किंमत देशागणिक आणि व्यवस्थेगणिक बदलते, म्हणून ती येथे विचारात घेतलेली नाही.

स्टॅन्ली कोहेन यांनी १९६२ मध्ये उंदरांच्या लाळग्रंथींतून एक लहानसे प्रथिन वेगळे काढल्याचे जाहीर केले. नवजात उंदरांना ते टोचले की त्यांचे डोळे वेळेआधी उघडत आणि दातही लवकर येत. ५३ अमिनो आम्लांच्या या प्रथिनाला पुढे एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर, थोडक्यात ईजीएफ, हे नाव मिळाले आणि १९८६ मध्ये कोहेन आणि रिटा लेव्ही-मोंताल्चिनी यांना वृद्धिघटकांच्या शोधासाठी नोबेल पारितोषिक देण्यात आले. ईजीएफ पेशीच्या पृष्ठभागावरील ज्या प्रथिनाला चिकटते, तो ईजीएफआर. हे प्रथिन टायरोसीन या अमिनो आम्लावर फॉस्फेट चढवणारे विकरही आहे, हे कोहेन यांच्याच प्रयोगशाळेने १९८० मध्ये दाखवले. १९८४ मध्ये त्याच्या अमिनो आम्लांचा क्रम हाती आला, तेव्हा कोंबड्यांत कर्करोग घडवणाऱ्या एका विषाणूच्या व्ही-अर्बबी या जनुकाशी असलेले त्याचे नाते उघड झाले. ज्या प्रथिनाशिवाय त्वचा आणि आतड्याचे अस्तर नीट घडत नाही, त्याच प्रथिनाची मोडतोड झालेली प्रत कर्करोगाला कारण होते. या गोळीपुढची सारी अडचण याच एका वस्तुस्थितीत आहे.

रिसेप्टरचा एक भाग पेशीबाहेर, एक भाग आत आणि मधला छोटा तुकडा पेशीपटलात रुतलेला असतो. बाहेरच्या भागाचे चार खंड असतात. ईजीएफ नसताना दुसरा खंड चौथ्यात अडकून बसलेला असतो आणि शेजारच्या रिसेप्टरला धरणारा त्याचा आकडा त्यामुळे झाकलेला राहतो. ईजीएफ पहिल्या आणि तिसऱ्या खंडाला एकाच वेळी चिकटले, की ही अडकण सुटते, आकडा उघडा पडतो आणि दोन रिसेप्टरांची जोडी जमते. पेशीच्या आत मात्र ही जोडी समसमान नसते. एका रिसेप्टरच्या कायनेजचा, म्हणजे फॉस्फेट चढवणाऱ्या विकर-भागाचा, खालचा भाग दुसऱ्याच्या वरच्या भागाला टेकतो आणि त्याला सक्रिय अवस्थेत ढकलतो. जॉन कुरियन यांच्या गटाने ही विषम रचना २००६ मध्ये दाखवून दिली. सक्रिय झालेला कायनेज एटीपी या पेशीतील ऊर्जावाहक रेणूमधला फॉस्फेट काढून रिसेप्टरच्या शेपटीतील टायरोसीनांवर चढवतो आणि त्या फॉस्फेटांवर पुढची प्रथिने येऊन बसतात. ग्रब२ आणि सॉस यांच्यामार्फत रास, राफ, मेक आणि अर्क ही साखळी चालू होते आणि पेशीला विभाजनाकडे नेते. पीआय३ कायनेज आणि एकेटी यांची साखळी पेशीला मरणापासून राखते. स्टॅट३ आणि फॉस्फोलायपेज सी-गॅमा यांचे मार्ग त्यांना जोडून येतात. ईजीएफआरला हर२, हर३ आणि हर४ ही तीन भावंडे आहेत आणि तो त्यांच्याशीही जोडी जमवतो. हर२ला चिकटणारे कोणतेही नैसर्गिक प्रथिन आढळलेले नाही आणि हर३चे कायनेज अगदी दुबळे आहे, तरीही पीआय३ कायनेजला बसायला हर३च्या शेपटीवर भरपूर जागा असल्याने या दोघांची जोडी जगण्याचा संदेश फार जोरात पाठवते. पुढे गोळी निकामी ठरण्याच्या प्रसंगी हीच भावंडे पुन्हा समोर येतात.

संदेश सुरू कसा होतो याबद्दल खूप लिहिले जाते, तो थांबतो कसा याबद्दल मात्र त्या मानाने कमी, आणि कर्करोग समजून घ्यायला दुसरा प्रश्नच अधिक मोलाचा आहे. ईजीएफ चिकटलेला रिसेप्टर काही मिनिटांत पेशीच्या आत ओढला जातो. त्याच्या शेपटीवरील १०४५ क्रमांकाच्या टायरोसीनवर फॉस्फेट चढला, की सीबीएल हे प्रथिन तेथे येऊन रिसेप्टरवर युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाच्या खुणा करते आणि अशा खुणा झालेला रिसेप्टर लयकारिकेत नेऊन पचवला जातो. यात एक सुंदर बारकावा आहे. याच रिसेप्टरला टीजीएफ-अल्फा हे दुसरे प्रथिनही चिकटते, पण पेशीतल्या आम्लधर्मी पुटिकांमध्ये ते सुटून जाते, आणि रिकामा झालेला रिसेप्टर पचवला न जाता पृष्ठभागावर परत येतो. ईजीएफ मात्र त्या आम्लातही चिकटून राहते आणि रिसेप्टरला लयकारिकेपर्यंत घेऊन जाते. दार एकच, पण आलेला पाहुणा कोण यावर संदेश किती वेळ टिकणार हे ठरते. याशिवाय मिग६ हे प्रथिन कायनेजलाच जखडते, आणि अर्कची साखळी स्वतःला आवर घालणारी प्रथिने स्वतःच तयार करवते. एवढे लगाम असताना वाढीचा संदेश सतत चालू ठेवायचा, तर पेशीला त्यांतले काही तरी निकामी करावेच लागते.

प्रयोगशाळेत हा चढउतार डोळ्यांनी पाहता येतो. सीरमशिवाय (वाढीचे घटक असलेल्या द्रवाशिवाय) रात्रभर ठेवलेल्या हेला या प्रयोगशाळेतील मानवी पेशींवर ईजीएफ टाकून ठरावीक अंतराने त्यांचे नमुने वेस्टर्न ब्लॉटवर, म्हणजे एखादे प्रथिन पट्ट्याच्या रूपात दाखवणाऱ्या चाचणीवर, चालवले, तर सुरुवातीला जेथे जेमतेम सावली असते, तेथे पाच मिनिटांच्या नमुन्यात फॉस्फेट चढलेल्या ईजीएफआरचा काळाभोर पट्टा उमटतो. अर्कचा पट्टा त्याच्या मागोमाग येतो आणि पुढच्या नमुन्यांत दोन्ही हळूहळू उतरतात, शिवाय एकूण ईजीएफआरचा पट्टाही फिकट होत जातो, कारण रिसेप्टर पचवला जात असतो. आता हेला पेशींऐवजी पीसी-९ या फुप्फुसाच्या कर्करोगाच्या पेशी घ्या. त्यांच्या ईजीएफआर जनुकातील एक्सॉन १९ मधला तुकडा गळालेला आहे (एक्सॉन म्हणजे जनुकाचा प्रथिनाची माहिती असलेला भाग). येथे ईजीएफ न टाकताही पट्टा काळा असतो आणि सीरम काढून घेतले तरी तो जात नाही. ओसिमर्टिनिब काही दहा नॅनोमोलर एवढे टाकले, की तो पुसला जातो. तेवढ्याच प्रमाणात औषध मूळ, निरोगी ईजीएफआर असलेल्या पेशींवर टाकले, तर त्यांचा संदेश बराचसा शाबूत राहतो. तो बंद करायला काही शे नॅनोमोलर लागते. शुद्ध विकरावर मोजले तर दुहेरी म्युटेशन (एल८५८आर आणि टी७९०एम, त्यांची ओळख पुढे येते) असलेला आणि मूळ रिसेप्टर यांच्यातील फरक सुमारे २०० पट भरतो, जिवंत पेशींत तो त्याहून कमी असतो. पण जेवढा आहे तेवढ्या फरकावरच ही गोळी उभी आहे.

हा फरक येतो कोठून, हे सांगायला थोडे मागे जावे लागेल. पहिल्या पिढीतील गेफिटिनिबला जपानमध्ये २००२ मध्ये आणि अमेरिकेत २००३ मध्ये परवानगी मिळाली, तेव्हा ती कोणाला लागू पडेल हे कोणालाच सांगता येत नव्हते. काही मोजक्या रुग्णांच्या गाठी आश्चर्यकारक वेगाने विरघळत आणि बाकीच्यांना काहीच उपयोग होत नसे. २००४ मध्ये तीन संशोधक गटांनी जवळजवळ एकाच वेळी उत्तर दिले: गोळी लागू पडणाऱ्यांच्या गाठींत ईजीएफआरच्या कायनेजमध्येच म्युटेशन होते. त्यांतील दोन प्रमुख म्हणजे एक्सॉन १९ मधील तूट आणि एक्सॉन २१ मधील एल८५८आर, ज्यात ८५८ व्या जागेवरील ल्युसीनऐवजी आर्जिनीन येते. आयपास या चाचणीत पूर्व आशियातील १,२१७ रुग्ण होते आणि तिचे २००९ चे आकडे मी विद्यार्थ्यांना आजही दाखवतो. म्युटेशन असलेल्यांपैकी ७१.२ टक्के रुग्णांत गेफिटिनिबने गाठ आकसली. म्युटेशन नसलेल्यांत हे प्रमाण १.१ टक्के होते. म्युटेशन नसलेल्या गटात गोळी घेणाऱ्यांचा रोग केमोथेरपी घेणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे लवकर बळावला. तपासणी न करता दिलेली गोळी निरुपयोगी तर ठरतेच, पण हातची केमोथेरपी लांबवून ती अपायही करते.

एल८५८आरमुळे कायनेज सतत चालू राहतो, पण त्याची किंमत म्हणून त्याची एटीपीवरची पकड सैल होते. एटीपीसाठीचे त्याचे केएम मूल्य (ते जितके जास्त, तितकी पकड सैल) सुमारे १४८ मायक्रोमोलर भरते, मूळ रिसेप्टरमध्ये ते ५ च्या आसपास असते. गेफिटिनिब आणि त्याच पिढीतील एर्लोटिनिब एटीपीच्याच जागेवर बसतात, त्यामुळे एटीपीवरची पकड सैल झालेल्या रिसेप्टरमध्ये त्यांना जागा सहज मिळते. कर्करोगाच्या पेशीचे हे वैगुण्य पहिल्या पिढीच्या पथ्यावर पडले होते. मग साधारण वर्षभराच्या आत-बाहेर बहुसंख्य रुग्णांत रोग पुन्हा वाढू लागे आणि त्यांतील निम्म्याहून अधिक गाठींत टी७९०एम हे आणखी एक म्युटेशन सापडे. ७९० व्या जागेवरील थ्रिओनीनऐवजी मोठे मेथिओनीन आल्याने गोळीची वाट अडते, असे आरंभी मानले गेले. २००८ मध्ये मोजमाप झाले तेव्हा खरी गोष्ट अधिक खोल निघाली: दुहेरी म्युटेशन असलेल्या रिसेप्टरची एटीपीवरची पकड जवळजवळ पूर्ववत झालेली होती, केएम मूल्य ८ च्या आसपास आले होते. पेशीत एटीपी मिलिमोलर प्रमाणात असते, त्याच्याशी झगडून जागा मिळवणे आता सुटून येणाऱ्या औषधाला झेपत नव्हते.

एटीपीशी स्पर्धा टाळायची तर एकदा बसल्यावर न उठणारे औषध हवे. कायनेजच्या त्या खाचेच्या काठावर ७९७ व्या क्रमांकाचे सिस्टीन आहे आणि त्याच्या गंधकाशी सहसंयुज बंध जोडणारा अ‍ॅक्रिलामाइड गट औषधात बसवता येतो. दुसऱ्या पिढीतील अफाटिनिब आणि डॅकोमिटिनिब यांनी हेच केले, पण त्यांचा सांगाडा मूळ रिसेप्टरलाही तितक्याच आवडीने धरतो. परिणामी टी७९०एम दाबता येईल एवढी मात्रा देण्याआधीच रुग्णाची त्वचा आणि आतडी हात टेकतात. ओसिमर्टिनिबच्या रचनाकारांनी सांगाडाच बदलला. पिरिमिडीनवर उभारलेला हा नवा सांगाडा ७९० व्या जागेवरील मेथिओनीनशी नीट जुळतो, मूळ थ्रिओनीनशी त्याची तेवढी जवळीक होत नाही, आणि त्यानंतर सिस्टीन ७९७ शी बंध जोडला जातो. जे म्युटेशन आधीच्या गोळीला हुलकावणी देण्यासाठी उपजले, तेच या गोळीची ओळखीची खूण झाले. रसायनशास्त्राच्या दृष्टीने मला हे या औषधातील सर्वांत देखणे काम वाटते. २०१३ मध्ये पहिल्या रुग्णाला ती देण्यात आली आणि नोव्हेंबर २०१५ मध्ये अमेरिकेत टी७९०एम असलेल्या रुग्णांसाठी तिला परवानगी मिळाली. कर्करोगावरील औषधासाठी हा वेग विलक्षण होता.

निकालांकडे वळताना फ्लॉरा ही चाचणी आधी घ्यावी लागेल, कारण गोळी पहिला उपचार म्हणून वापरण्याचा निर्णय तिच्यावर आधारलेला आहे. ५५६ रुग्णांपैकी निम्म्यांना ओसिमर्टिनिब आणि निम्म्यांना गेफिटिनिब किंवा एर्लोटिनिब देण्यात आले. गाठ आकसणाऱ्यांचे प्रमाण अनुक्रमे ८० आणि ७६ टक्के, म्हणजे जवळपास सारखेच. पण हा प्रतिसाद टिकण्याचा मध्यक काळ १७.२ महिने विरुद्ध ८.५ महिने, आणि रोग बळावेपर्यंतचा मध्यक काळ १८.९ विरुद्ध १०.२ महिने. दोन्ही गोळ्या सुरुवातीला संदेश सारखाच बंद करतात. टी७९०एमची पळवाट आधीच बुजवलेली असल्याने ओसिमर्टिनिबपुढे रोगाला दुसरी वाट शोधायला वेळ लागतो. मेंदूत पसरलेल्या रोगावरही तिचा परिणाम पहिल्या पिढीपेक्षा चांगला आहे, आणि फुप्फुसाच्या या कर्करोगात मेंदूचा प्रश्न किती वारंवार येतो हे पाहता हा गुण मी टिकाऊपणाच्या बरोबरीने मोजतो.

एकूण आयुर्मानाचा मध्यक ३८.६ विरुद्ध ३१.८ महिने आला आणि येथे थोडे सावकाश वाचायला हवे. पहिल्या पिढीची गोळी घेणाऱ्या गटातील सुमारे ३१ टक्के रुग्णांना पुढे ओसिमर्टिनिब मिळाले, त्यामुळे हा फरक ‘गोळी आधी घेणे की नंतर घेणे’ या प्रश्नाचेही अंशतः उत्तर आहे. आशियाई रुग्णांच्या आणि एल८५८आर असलेल्यांच्या उपगटांत आयुर्मानातील फरक जवळजवळ शून्य होता. उपगटांच्या आकड्यांवर फार भार टाकू नये हे खरे, पण एल८५८आरचे रुग्ण एक्सॉन १९ च्या रुग्णांपेक्षा कमी लाभ मिळवतात हे इतर चाचण्यांतही वारंवार दिसले आहे. गोळीचे गुणगान करताना हा तपशील वगळला जातो, ते योग्य नाही. जेथे ओसिमर्टिनिब पोहोचतच नाही, तेथे गेफिटिनिब किंवा एर्लोटिनिब घेणाऱ्या रुग्णाला अपुरा उपचार मिळतो आहे असेही समजू नये; जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये एर्लोटिनिबला अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले ते त्याच्या सिद्ध उपयोगामुळेच.

शस्त्रक्रियेनंतर ही गोळी तीन वर्षे देणाऱ्या अडॉरा चाचणीत ६८२ रुग्ण होते. पाच वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण ८८ टक्के, तर निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांत ७८ टक्के होते. शस्त्रक्रिया शक्य नसलेल्या तिसऱ्या टप्प्यातील रुग्णांना किरणोपचार आणि केमोथेरपीनंतर ती दिली असता रोग बळावेपर्यंतचा मध्यक काळ ३९.१ महिने झाला, निष्क्रिय गोळीच्या गटात तो ५.६ महिने होता. या दोन निकालांबद्दल माझ्या मनात किंतु नाही.

आता दुष्परिणाम. ८० मिलिग्रॅमची एक गोळी दिवसातून एकदा, जेवणाआधी किंवा नंतर कधीही घेता येते. जठरातील आम्ल कमी करणाऱ्या औषधांमुळे तिच्या शोषणात फरक पडत नाही, जो गेफिटिनिब आणि एर्लोटिनिबमध्ये पडतो. गिळणे जड जाणाऱ्यांना ती थोड्या साध्या पाण्यात विरघळवून देता येते, मात्र ती कुटायची नसते आणि पाणी गॅसयुक्त नसावे. मूळ रिसेप्टरला सोडण्याचा दावा कितपत खरा, याची परीक्षा त्वचेवर आणि आतड्यांत होते, कारण तेथील पेशी निरोगी ईजीएफआरच्या संदेशावर रोज जगत असतात. फ्लॉरामध्ये पुरळ ५८ टक्के रुग्णांना आले, दुसऱ्या गटात ७८ टक्क्यांना. तीव्र स्वरूपाचे दुष्परिणाम ३४ विरुद्ध ४५ टक्के. जुलाब मात्र दोन्हीकडे सारखेच, ५८ आणि ५७ टक्के, आणि नखुरडे होणे किंवा त्वचा कोरडी पडणे यांतही फरक नव्हता. निवडकपणा खरा आहे, पण पूर्ण नाही. याचे एक कारण शरीरातच घडते: यकृत या औषधापासून एझेड५१०४ नावाचे एक रूप तयार करते, ते रक्तात मूळ औषधाच्या सुमारे १० टक्के असते आणि मूळ रिसेप्टरला अधिक जोराने धरते.

ज्या दोन-तीन धोक्यांवर खरोखर नजर ठेवावी लागते ते पुरळ-जुलाबांपेक्षा वेगळे आहेत. फ्लॉरामध्ये फुप्फुसाच्या ऊतींचा दाह ४ टक्के रुग्णांत आढळला आणि ईसीजीवरील क्यूटी अंतर (हृदयाच्या एका ठोक्यातील विद्युत क्रियेचा काळ) १० टक्क्यांत वाढले, दुसऱ्या गटात हे प्रमाण अनुक्रमे २ आणि ५ टक्के होते. काहींत हृदयाची आकुंचनशक्ती घटते. गोळी घेणाऱ्याला नव्याने दम लागू लागला किंवा कोरडा खोकला वाढला, तर तो मूळ रोगाचाच भाग समजून थांबू नये. त्याच दिवशी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना कळवावे. क्षयरोगावरील रिफॅम्पिसिन हे औषध यकृतातील विकरे वाढवून ओसिमर्टिनिबची रक्तातील पातळी खाली आणते, म्हणून दोन्ही एकत्र देण्याची वेळ आली तर डॉक्टरांना मात्रेचा फेरविचार करावा लागतो. आणि एक गोष्ट अनेकदा घाईत घडते: म्युटेशनचा अहवाल येण्याआधीच रुग्णाला पीडी-१ किंवा पीडी-एल१ (प्रतिकारशक्तीला आवर घालणारी प्रथिने) रोखणारी इम्युनोथेरपी दिली जाते. तिच्या मागोमाग ओसिमर्टिनिब सुरू केल्यास फुप्फुसदाहाचा धोका वाढतो. अहवालाची वाट पाहण्याइतकी प्रकृती असेल, तर वाट पाहावी.

तपासणीला मी या गोळीचा अर्धा भाग मानतो, कारण तिच्याशिवाय उरलेल्या अर्ध्या भागाला अर्थ नाही. ‘ईजीएफआर पॉझिटिव्ह’ एवढेच लिहिलेला अहवाल अपुरा आहे. एक्सॉन १९ ची तूट, एल८५८आर आणि एक्सॉन २० मधील भर या तिन्हींचे नशीब वेगळे आहे. एक्सॉन २० मधील बहुतेक भरींवर ८० मिलिग्रॅमच्या नेहमीच्या मात्रेचा फारसा परिणाम होत नाही आणि त्यांच्यासाठी अमिवांटामॅबसारखी प्रतिपिंडे आली आहेत. जी७१९एक्स, एस७६८आय आणि एल८६१क्यू या कमी आढळणाऱ्या म्युटेशनांवर अफाटिनिबचा अनुभव अधिक जुना आहे. रक्तातील डीएनएवरून म्युटेशन शोधणाऱ्या पहिल्या चाचणीला अमेरिकेत जून २०१६ मध्ये परवानगी मिळाली आणि तिने अनेकांची बायोप्सीची सुई वाचवली, पण रक्तात काही सापडले नाही म्हणून म्युटेशन नाही असा निष्कर्ष काढता येत नाही. गाठीने रक्तात पुरेसा डीएनए सोडलेलाच नसेल, तर चाचणीला तो दिसणार कसा?

एकटी गोळी द्यावी की सोबत आणखी काही, हा सध्याचा खरा वाद आहे. ओसिमर्टिनिबला प्लॅटिनमयुक्त केमोथेरपीची जोड दिल्यास रोग बळावेपर्यंतचा मध्यक काळ १६.७ वरून २५.५ महिन्यांवर आणि एकूण आयुर्मानाचा मध्यक ३७.६ वरून ४७.५ महिन्यांवर गेला. अमिवांटामॅब आणि लॅझर्टिनिब (ओसिमर्टिनिबच्याच धर्तीची गोळी) या जोडीनेही एकट्या ओसिमर्टिनिबला मागे टाकले, त्यात रोग बळावेपर्यंतचा मध्यक काळ २३.७ विरुद्ध १६.६ महिने आला. मात्र त्वचेचा त्रास आणि शिरांत रक्ताच्या गाठी होण्याचे प्रमाण या जोडीत बरेच जास्त आहे. ज्याच्या रोगाचा विस्तार मोठा आहे किंवा तो मेंदूत पोहोचला आहे आणि ज्याची प्रकृती केमोथेरपी सोसू शकते, त्याच्यासाठी जोड-उपचाराचा पर्याय मला पटतो. वय झालेल्या, इतर आजारांनी थकलेल्या माणसाला रोज एक गोळी घेऊन घरी राहता येणे याचे मोल आकड्यांत मावत नाही, आणि त्याने एकट्या गोळीचा मार्ग निवडला तर तो निर्णय कमी प्रतीचा ठरत नाही.

रोग अखेर या गोळीलाही चुकवतो आणि तो कसा चुकवतो हे पाहिले की आधी सांगितलेले सगळे संदेशवहन पुन्हा कामाला येते. सर्वांत सरळ वाट म्हणजे सिस्टीन ७९७ च्या जागी सेरीन येणे. त्याला सी७९७एस म्हणतात. गंधक गेला की सहसंयुज बंध जोडला जात नाही. टी७९०एम नसताना एकटे सी७९७एस आले, तर पहिल्या पिढीच्या गोळ्या अजूनही बसू शकतात, कारण त्यांना त्या बंधाची गरजच नव्हती. दुसरी वाट रिसेप्टरला वळसा घालणारी आहे: मेट या वेगळ्या रिसेप्टरच्या जनुकाच्या प्रती वाढतात, तो हर३ला हाताशी धरून पीआय३ कायनेजची साखळी चालू ठेवतो, आणि ईजीएफआर पूर्ण बंद असूनही पेशी जगते. हर२च्या प्रती वाढूनही असेच घडते. कधी राफ किंवा रासच्या पातळीवर बिघाड होतो, म्हणजे वरचा संदेश बंद असला तरी खालची साखळी स्वतःहून धावू लागते. आणि काही रुग्णांत गाठच आपले रूप बदलून लहान पेशींचा कर्करोग बनते. तेव्हा ईजीएफआरमधील मूळ म्युटेशन तसेच असते, पण पेशीला त्याच्या संदेशाची गरज उरलेली नसते. सी७९७एस आणि काही वेळा मेटची वाढ रक्ताच्या चाचणीत सापडते. हे रूपांतर मात्र खात्रीने ओळखायला ऊतीचा नमुनाच लागतो, आणि त्यावरचा उपचार प्लॅटिनम आणि इटोपोसाइडच्या केमोथेरपीचा असतो. म्हणून ओसिमर्टिनिब चालू असताना रोग वाढला, तर सुई घालण्याजोगी जागा असेपर्यंत पुन्हा बायोप्सी करून घ्यावी आणि मगच पुढचे औषध ठरवावे.